कॉलमान, पाण्यात उतर!

आयर्लंडच्या जुन्या संतकथांमध्ये एक गंमत सांगितली जाते. संत कार्थाखच्या मठातले साधू ओढ्याकाठी काम करत होते. देखरेख करणाऱ्याने हाक दिली, "कॉलमान, पाण्यात उतर!" आणि बारा जणांनी एकदम उड्या मारल्या. बाराही जणांचं नाव कॉलमान.

गोष्ट घडली की रचली, हे बाजूला ठेवू. पण ऐकणाऱ्याला हसू यावं इतके कॉलमान त्या काळी मठामठांत होते, हे खरं. आयर्लंडच्या जुन्या संतसूचींमध्ये या एकाच नावाचे संत शंभराच्या वर भरतात. त्यात कॉलम आले, कोलंबा आले, कोलंबान आले की बघणारा पार गोंधळून जातो. पुढे हीच नावं शाळांना लागली, शाळांबरोबर देशोदेशी गेली आणि घोळ आणखी वाढला. ओढ्याकाठचा मुकादम निदान समोर उभा तरी होता. शाळांच्या यादीत हाक मारली, तर कोण उडी मारेल याचा नेम नाही.

मूळ शब्द साधा आहे. लॅटिनमध्ये 'कोलंबा' म्हणजे कबूतर किंवा होला. ख्रिस्ती धर्माबरोबर तो आयर्लंडमध्ये आला आणि घासून घासून 'कॉलम' झाला. त्याला 'आन' हा लाडाचा प्रत्यय लागला की 'कॉलमान', म्हणजे आपण बाळूचा बाळ्या करतो तसं. कॉलम म्हटलं की आपल्याला वर्तमानपत्रातला रकाना आठवतो, नाहीतर स्लॅबखालचा खांब. दोन्हींशी या नावाचा संबंध नाही.

लिहिताना मात्र अक्षरं चारच: सी, ओ, एल, एम. इंग्रजी वळणाचा माणूस ते 'कोल्म' असं एका दमात वाचतो आणि आयरिश माणूस ओठांतल्या ओठांत हसतो. आयरिश जिभेला 'ल्म' हे जोडाक्षर नको असतं. तिथे ती एक पुसट स्वर सारते आणि 'कॉलम' म्हणते. याच सवयीने आयर्लंडमध्ये इंग्रजी बोलणारेही फिल्मला 'फिलम' म्हणतात, अगदी आपल्यासारखंच. भाषाशास्त्रज्ञ या प्रकाराला जे नाव देतात, ते आपल्याकडून गेलेलं आहे: स्वरभक्ती. धर्माचा धरम आणि जन्माचा जनम होतो, ती ही स्वरभक्ती. वेदांचे उच्चार शिकवणारे शिक्षाग्रंथ लिहिणाऱ्यांनी घडवलेली संज्ञा आज आयर्लंडमधल्या डोनेगलच्या बोलीचं वर्णन करायला कामी येते, हे मला कोणत्याही संतचरित्रातल्या चमत्काराइतकंच थोर वाटतं.

यापुढचा भाग जरा किचकट आहे, पण या नावाच्या शाळा शोधायच्या तर तो टाळता येत नाही. मराठीत 'शाळा'ला प्रत्यय लागताना 'शाळे' होतं, 'घोडा'चं 'घोड्या' होतं. सामान्यरूप म्हणून आपण ते पाठ केलेलं असतं. आपल्याकडे बदल शब्दाच्या शेपटीकडे होतो. आयरिशमध्ये तो तोंडाकडेही होतो. 'कॉलमची शाळा' म्हणायचं तर नावातला पहिला 'क' मऊ होऊन घशातला 'ख' होतो, म्हणजे लेखनात सी-नंतर एच येतो. शिवाय शेवटचं व्यंजन पातळ होतं आणि ते दाखवायला मध्ये आय घुसतो. कॉलमचं होतं 'खॉलिम'. टलामोर आणि बॅलिनकॉलिग या दोन्ही गावांत 'कोलाश्त्ये खॉलिम' नावाची माध्यमिक शाळा आहे. दोन्ही कॉलमच्याच, पण कॉलम या रूपात नाव दोन्ही पाट्यांवर नाही.

त्यामुळे संगणकावर सी-ओ-एल-एम टाकून शोधणाऱ्याला या शाळा सापडतच नाहीत. सी आणि ओ यांच्या मध्ये एच आलेला असतो, ओ आणि एल यांच्या मध्ये आय. उपाय असा की पूर्ण नाव टाकायचंच नाही. पहिल्या फेरीत फक्त एल-एम ही जोडी शोधायची. तिच्यात कॉलम, खॉलिम, कॉलमकिल्ये, कॉलमान हे सगळे येतात, आणि सोबत एल्म झाडाच्या नावाच्या दोनचार आगंतुक शाळाही. त्या वगळाव्या लागतात. दुसऱ्या फेरीत ओ-एल-यू-एम शोधायचं. त्यात लॅटिन वळणाची सगळी कोलंबा मंडळी सापडतात. दोन फेऱ्यांत जवळजवळ सगळं कुटुंब हाती लागतं.

तरी काही निसटतात, आणि त्याला कारण एक टिंब आहे. जुन्या आयरिश टाइपात मऊ झालेल्या व्यंजनापुढे एच लिहीत नसत, अक्षराच्या डोक्यावर टिंब देत. विसाव्या शतकाच्या मध्याला सरकारी छपाई रोमन वळणावर गेली तेव्हा टिंबाच्या जागी एच आला. पण जुन्या पाटीवरून किंवा दाखल्यावरून नाव उतरवून घेणाऱ्याला, किंवा स्कॅन करणाऱ्या यंत्राला, ते टिंब म्हणजे शाईचा डाग वाटतो. टिंब गळतं, एच येत नाही आणि एकाच शाळेची यादीत दोन नावं होतात. आपल्याकडे १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी 'नांव'वरचं टिंब गेलं, तेव्हा कुणाचं नाव बदललं नाही. तिकडे टिंब गेलं की नाव बदलतं.

म्हणून आयर्लंडमध्ये शाळेची खरी ओळख नावात नसून रोल नंबरात असते: पाच आकडे आणि मागे एक अक्षर. पत्रव्यवहार करताना, जुना दाखला मागवताना किंवा कुणाचे पूर्वज कोणत्या शाळेत होते हे ताडून बघताना आधी तो नंबर मिळवावा. 'स्कॉल खॉलमकिल्ये' या नावाच्या प्राथमिक शाळा इतक्या आहेत की गाव आणि काउंटी सांगूनही कधी कधी भागत नाही. मुलांची आणि मुलींची शाळा एकाच आवारात, एकाच संताच्या नावाने असू शकते.

हा कॉलमकिल्ये, लॅटिनमध्ये कोलंबा, म्हणजे सगळ्या कॉलमांचा मेरुमणी. जन्म ५२१ च्या सुमारास, डोनेगलमधल्या गार्टनला, राजघराण्यात. परंपरा सांगते की त्याचं पाळण्यातलं नाव क्रिम्थान होतं. क्रिम्थान म्हणजे कोल्हा. पुढे तो सतत देवळात दिसू लागला, म्हणून पोरं त्याला 'देवळातलं कबूतर' म्हणू लागली. कॉलम म्हणजे कबूतर आणि 'किल्ये' म्हणजे देवळाचं. किलदेअर, किलार्नी अशा गावांच्या नावात जो 'किल' दिसतो, तो बहुतेक वेळा हाच.

कोल्ह्याचं कबूतर झालं खरं, पण कोल्हा पुरता गेला नसावा. त्याने आपल्या गुरूकडचं स्तोत्रांचं हस्तलिखित रात्री जागून गुपचूप उतरवून घेतलं, अशी कथा आहे. गुरूने नक्कल परत मागितली, शिष्य देईना. प्रकरण राजाकडे गेलं. राजाने निवाडा दिला: जिची गाय तिचं वासरू, ज्याचं पुस्तक त्याची नक्कल. त्यातून वैर पेटलं आणि ५६१ च्या सुमारास कूल ड्रेवन्याची लढाई झाली, असं म्हणतात. लढाईचं खरं कारण बहुधा घराण्यांमधली सत्तेची चढाओढ होती. पण परंपरेने जे हस्तलिखित ही 'नक्कल' मानलं, त्याची ५८ पानं डब्लिनच्या रॉयल आयरिश अकॅडमीत आजही आहेत. त्याला 'काहाख' म्हणतात, म्हणजे लढवय्या. दहावी-बारावीला कॉपीमुक्त अभियान चालवणाऱ्या आपल्या राज्यातल्या वाचकाला याची मौज वाटावी: इतिहासातल्या सगळ्यात गाजलेल्या कॉपी प्रकरणातल्या माणसाचं नाव इतक्या शाळांना आहे.

५६३ मध्ये बारा सोबती घेऊन तो समुद्रापार स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या आयोना बेटावर गेला आणि ५९७ च्या ९ जूनला तिथेच वारला. शंभरेक वर्षांनी त्याच बेटावरच्या मठाचा प्रमुख अडॉम्नान याने त्याचं चरित्र लिहिलं. प्रस्तावनेत तो नावाशीच खेळतो: लॅटिनमध्ये जो कोलंबा, तो ग्रीकमध्ये पेरिस्तेरा आणि हिब्रूत योना. मराठी बायबलमध्ये माशाच्या पोटात जाणारा योना तो हाच शब्द, अर्थ कबूतर. बेटाचं नाव आयोना हे मात्र या योनावरून पडलेलं नाही. जुन्या हस्तलिखितांत बेटाचं नाव 'योवा'सारखं काहीतरी होतं. त्यातलं एक अक्षर नक्कल करणाऱ्याने चुकीचं वाचलं आणि कबुतराच्या बेटाला योगायोगाने कबुतराचंच नाव मिळालं. इथेही नक्कल करणाराच!

त्या काळी थोर संताचं नाव मुलाला थेट ठेवणं उद्धटपणाचं वाटे. आयरिशमध्ये आजही येशूच्या आईला 'मुर्‍ये' म्हणतात आणि घरातल्या मेरीला 'मॉर्‍ये'. एकच नाव, पण देवघरातलं वेगळं आणि ओसरीवरचं वेगळं. मग संताचं नाव घ्यायचं कसं? आपल्याकडे रामदास, विठ्ठलदास होतात तसंच तिकडे झालं. 'मेल' म्हणजे मुंडन केलेला, म्हणजे चरणाशी वाहिलेला. मेल कोलुम म्हणजे कोलंबाचा दास. स्कॉटलंडमध्ये त्याचं माल्कम झालं आणि त्या नावाचे चार राजे होऊन गेले. स्कॉटिश माणसं जिथे जिथे गेली, तिथे हे नावही गेलं. बार्बाडोसचा माल्कम मार्शल ३७६ कसोटी बळी घेऊन गेला, तोही नावाने कबुतराचा दासच. त्याचा उसळता चेंडू खेळलेल्या आपल्या फलंदाजांना हे पटणं अवघड आहे.

कॅलम हेही स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतलं कॉलमचंच रूप. कॉलिन मात्र सावधपणे घ्यावा. एक कॉलिन फ्रेंचमधून, निकोलसचं लाडकं रूप होऊन आला. दुसरा स्कॉटिश, त्याचा अर्थ कुत्र्याचं पिल्लू. कोलमन या आडनावाचंही तसंच. आयरिश घराण्यात ते कॉलमानचे वंशज असू शकतात, इंग्लंडमधले कोलमन पूर्वी कोळसा पाडणारे असू शकतात. नुसतं आडनाव बघून आयरिश मूळ जोडणारे इथे हमखास फसतात. व्हिएन्नाचा चित्रकार कोलोमान मोझर (१८६८ ते १९१८) मात्र अस्सल कुटुंबातला. १०१२ मध्ये ऑस्ट्रियात हेर समजून फासावर चढवलेल्या एका आयरिश यात्रेकरूचं, संत कॉलमानचं, ते नाव.

कॉलम नाव आजही आयर्लंडमध्ये रोजच्या वापरातलं आहे. कादंबरीकार कॉलम टोबीन आणि कॉलम मकॅन, नट कॉलम मीनी. यातला मकॅन आपल्या नावात एल आणि एम यांच्या मध्ये यू लिहितो. ती जी पुसट स्वरभक्ती, ती त्याच्या नावात शाईने उमटली आहे.

या नावाचा खरा कस लागतो डेरी शहरात. आयरिशमध्ये शहराचं पूर्ण नाव 'दिर्‍ये खॉलम किल्ये', म्हणजे कॉलमकिल्येची ओकराई. हे उत्तर आयर्लंडमध्ये येतं. शहराला डेरी म्हणायचं की लंडनडेरी, यावरून माणसाचा पंथ आणि राजकारण ओळखण्याची तिथे रीत आहे. पण गंमत बघा. तटबंदीच्या आत लंडनहून आलेल्या वसाहतकारांनी बांधलेलं, १६३३ मध्ये पुरं झालेलं प्रॉटेस्टंट कॅथीड्रल, ते सेंट कोलम्बचं. आणि कॅथलिक मुलांसाठी १८७९ मध्ये उघडलेलं कॉलेज, तेही सेंट कोलम्बचं. शेवटी तोच मुका बी, दोन्हीकडे. शहराच्या नावावर एकमत नाही, संताच्या नावावर आहे, अगदी स्पेलिंगसकट.

कारण सोपं आहे. कोलंबा ५९७ मध्ये गेला, आणि पंथांची फूट पडली त्यानंतर जवळजवळ हजार वर्षांनी. भांडण त्याच्या नंतरचं असल्यामुळे दोन्ही भावकींना तो आपलाच पूर्वज वाटतो. पॅट्रिकचंही असंच, पण पॅट्रिक सगळ्या जगाने वाटून घेतला. कोलंबाच्या बाबतीत हक्क सांगणारे थोडे आणि ठाम आहेत. या सेंट कोलम्ब्ज कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांत दोन नोबेल आहेत: १९९५ मध्ये साहित्यासाठी शेमस हीनी, १९९८ मध्ये शांततेसाठी जॉन ह्यूम. शांततेचं ते पारितोषिक ह्यूमने प्रॉटेस्टंट बाजूच्या डेव्हिड ट्रिंबलबरोबर वाटून घेतलं.

डब्लिनजवळचं सेंट कोलंबाज कॉलेज निराळं. ते चर्च ऑफ आयर्लंडचं, म्हणजे प्रॉटेस्टंट निवासी शाळा. १८४३ मध्ये मीथ परगण्यातल्या स्टॅकॅलनला सुरू झाली, १८४९ मध्ये डब्लिनच्या डोंगरपायथ्याशी व्हाइटचर्चला आली. स्थापन करणाऱ्यांचा एक हेतू असा होता की जमीनदारांच्या आणि पुढे धर्मोपदेशक होणाऱ्या मुलांना आयरिश भाषा यावी. म्हणजे बोलण्यात आयरिश आणायची होती, पण पाटीवर संत लॅटिन पोशाखातच राहिला. सर्वसाधारण अंदाज असा करता येतो: पाटीवर 'कोलंबा' असेल तर इंग्रजी-लॅटिन वळणाची संस्था, 'कोलम्ब' असेल तर डेरीचा वारा, 'कॉलमकिल्ये' असेल तर आयरिश भाषेचा अभिमान. अंदाज चुकतोही. डोनेगलमध्ये ग्लेंटीज आणि स्ट्रॅनोर्लरच्या शाळा संताच्या मायभूमीतच असून लॅटिन 'कोलंबा' लावतात.

भारतात हे नाव तीन वेगवेगळ्या दारांनी आलं. झारखंडमधल्या हजारीबागचं सेंट कोलंबाज कॉलेज १८९९ चं, डब्लिन युनिव्हर्सिटी मिशनने काढलेलं, म्हणजे आयरिश पण प्रॉटेस्टंट. दिल्लीची सेंट कोलंबाज शाळा १९४१ ची, आयरिश ख्रिश्चन ब्रदर्सची, म्हणजे आयरिश आणि कॅथलिक. शाहरुख खान तिथलाच. आणि मुंबईत गावदेवीची सेंट कोलंबा ही मुलींची शाळा स्कॉटिश मिशनच्या परंपरेतली. तिच्यामागे डोनेगलऐवजी आयोना आहे. एकाच साधूच्या नावाच्या तीन संस्था, तीन वेगळे पंथ, आणि आपल्याकडचा पालक तिन्हींना सरसकट 'कॉन्व्हेंट' म्हणून मोकळा होतो.

हजारीबागचं कॉलेज आज ज्या विद्यापीठात आहे, ते १९९२ मध्ये स्थापन झालं आणि त्याला नाव आहे विनोबा भावे यांचं. पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा. त्यांच्या जन्माच्या वेळी तो कुलाबा जिल्हा होता, आणि कुलाब्याचा कोलंबाशी संबंध जोडायचा मोह कुणाला झालाच तर तो आवरावा. घरदार सोडून समुद्रापार गेलेला एक आणि देशभर पायी हिंडलेला एक, असे दोघे तिथल्या पदवीधराच्या कागदपत्रांत एकत्र येतात.

राहिला फसगतींचा हिशेब. 'कोलंबान' म्हणजे कोलंबा नव्हे. तो त्याच्याहून लहान समकालीन. बॅंगरच्या मठातून निघून फ्रान्समध्ये लक्झय आणि इटलीत बॉब्यो इथे मठ स्थापून ६१५ मध्ये वारला. तोही स्वतःच्या नावावर विनोद करी. पोपला लिहिलेल्या पत्रात त्याने स्वतःला 'पालुंबुस' म्हणजे रानकबूतर म्हणवून घेतलं आहे. चीनमध्ये काम करण्यासाठी १९१६ मध्ये आयर्लंडमध्ये सुरू झालेल्या मिशनने त्याचं नाव घेतलं, म्हणून फिलिपिन्समधल्या पगाडियनचं कॉलेज 'सेंट कोलंबान'. तिथल्या शेवटच्या 'न'ला छपाईची चूक समजून काढून टाकू नये. दुसरी फसगत इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये. तिथे सेंट कोलम्ब नावाची गावं आहेत, स्पेलिंग हुबेहूब डेरीचं, पण तिथली संत बाई आहे, कुमारी हुतात्मा. लॅटिन 'कोलंबा' हा शब्द व्याकरणाने स्त्रीलिंगीच.

कॉलमानांच्या शाळा तर निव्वळ कोडं आहेत. न्यूरीचं सेंट कोलमन्स कॉलेज ड्रोमोरच्या कॉलमानचं. फर्मॉयचं, १८५८ मधलं सेंट कोलमन्स कॉलेज क्लोइनच्या कॉलमानचं. कोव्ह बंदरावरचं ४९ घंटांचं कॅथीड्रलही याच क्लोइनवाल्याचं. पाटीवर तिन्हीकडे नुसतं 'सेंट कोलमन'. नाव, स्पेलिंग, पंथ, सगळं सारखं असताना फरक करायचा तर संताचा सण विचारावा. ७ जून म्हणजे ड्रोमोरचा, २४ नोव्हेंबर म्हणजे क्लोइनचा, २९ ऑक्टोबर म्हणजे गॉलवेकडचा किलमॅकडुआचा. २३ नोव्हेंबर कोलंबानचा आणि ९ जून आपल्या कोलंबाचा. ७ आणि ९ जून, २३ आणि २४ नोव्हेंबर इतके लगत आहेत की 'जूनमध्ये असतो' एवढ्या उत्तरावर थांबू नये. तारीखच विचारावी.

९ जूनला डोनेगलमधल्या ग्लेनकॉलमकिल्ये खोऱ्यात १५ ठिकाणांची यात्रा असते. काही जण ती अनवाणी करतात. दगडांच्या राशींभोवती उजव्या हाताने फेऱ्या घालतात. त्या उजव्या फेरीला आयरिशमध्ये 'देशल' म्हणतात, आणि त्यातला 'देश' आपल्या प्रदक्षिणेतल्या 'दक्षिण'चा सख्खा नातेवाईक आहे.

सणाची ही खूण भारतात मात्र फारशी चालत नाही. ९ जूनला दिल्लीच्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते आणि मुंबईच्या शाळा उघडायला अजून काही दिवस असतात. गावदेवीत त्या दिवशी वर्ग बंद, घंटा गप्प. पावसाचं आभाळ आलेलं असतं आणि आसपासच्या इमारतींच्या छज्जांवर पारवे अंग फुगवून बसलेले असतात.